मफलर हिरवा की निळा: शेजारच्या सूनबाईस आभाराचं पत्र

प्रिय बाय,

तू नाशिकला गेलीस त्याला आता तीन महिने झाले. निघताना पाया पडायला आलीस तेव्हा "नीट जा, पोचलीस की फोन कर" एवढंच मी बोलले. जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं. फोनवर सुरुवात केली की तू "काकू, काय हे" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय आपल्या पाखाडीत "तत्त्वज्ञानात एम.ए. करून उपयोग काय?" असं विचारणारे खूप होते. तुझ्या लग्नात तुझ्या सासूला मीही तेच विचारलं होतं. त्या सगळ्यांनी हे वाचावं.

गणपती गेले आणि माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. साखर वाढली म्हणून डावा दिवाळीनंतर करायचं ठरलं. मधले दोन महिने माझ्या एका डोळ्यात नवं भिंग होतं आणि एकात जुनं. दोरीवर वाळत घातलेलं माझं पांढरं पातळ उजव्या डोळ्याला निळसर शुभ्र दिसे आणि डाव्याला जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदासारखं पिवळट. हर्णैचा समुद्रही दोन रंगांचा. डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा प्रकाश अडवतं. "आता तुम्हाला खरं दिसतंय," म्हणाले. मला आनंदच झाला.

मग एका दुपारी कपाट आवरताना ह्यांचा मफलर हातात आला. शेवटच्या दुखण्यात तो रात्रंदिवस गळ्यात असे. माझ्या आठवणीत तो हिरवट होता. उजव्या डोळ्याला तो निळा दिसला, स्वच्छ निळा, कोणा परक्या माणसाचा असावा तसा.

त्या रात्री झोप लागली नाही. हे गेले त्याला चार वर्षं झाली. भिंग पिवळं पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली असणार. मग मी ज्यांना पेज भरवली, ज्यांचं तोंड पुसलं, त्यांना मी पाहिलं तरी होतं का? की माझ्याच डोळ्यानं रंगवलेलं एक चित्र पाहत होते आणि ते चित्राच्या पलीकडे कुठेतरी एकटे होते? मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, वय झालं, फार विचार करू नकोस." तो प्रेमानंच म्हणाला, पण मी गप्प झाले.

सकाळी तू थेंब घालायला आलीस. रोज चार वेळा यायचीस, घरातलं आवरून. मी कसंबसं सांगितलं. तू ऐकून घेतलंस, डोळा मिटायला लावलास आणि म्हणालीस, "काकू, हा फार मोठ्या माणसांचा प्रश्न आहे. आपण तो नीट विचारू." त्या "आपण"बद्दल पहिले आभार.

संध्याकाळी तू पडवीत तीन भांडी मांडलीस. एकात घंगाळातलं कढत पाणी, एकात विहिरीचं गार, मधलं कोमट. दोन हात दोन बाजूंना बुडवून ठेवायचे आणि मग दोन्ही एकदम मधल्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गार लागलं, दुसऱ्याला ऊन. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं १६९० च्या ग्रंथात हेच लिहिलंय, असं सांगितलंस. ऊन-गार, रंग, चव, वास हे वस्तूत जसेच्या तसे नसतात, आपल्या इंद्रियांशी गाठ पडल्यावर तसे जाणवतात. आकार, संख्या, हालचाल मात्र वस्तूची स्वतःची. मला केवढा धीर आला! मफलरचा रंग गेला तर जाऊ दे, ह्यांचं नाक, ह्यांची चाल तरी ह्यांचीच होती.

तो धीर दोनच दिवस टिकला, कारण तू बर्कली वाचून दाखवलास. आयर्लंडचा हा माणूस पुढे बिशप झाला, पण १७१० साली, पंचविशीतच, त्यानं लॉकला धरलं: रंगाशिवाय नुसता आकार कोणी कधी पाहिलाय? रंग मनातला असेल तर आकारही मनातलाच. असणं म्हणजे जाणवलं जाणं. मी चिडून जांभ्याच्या भिंतीवर थाड्कन हात मारला. हे काय मनातलं आहे? १७६३ मध्ये सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज लेखकानंही रागानं दगडाला लाथ मारली होती, असं सांगत तू माझा हात चोळलास आणि म्हणालीस, "काकू, बर्कली दुखणं नाकारत नाही, दगडही नाकारत नाही. जाणिवेच्या पलीकडे दगड म्हणून आणखी काही उरतं, एवढंच तो नाकारतो." मला हरवायला तू कधी वाद घातला नाहीस. माझं म्हणणं कच्चं असेल तर ते आधी पक्कं करून द्यायचीस आणि मग त्यावर बोलायचीस. चाळीस वर्षं मुलांना शिकवूनही मला हे इतकं जमलं नव्हतं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि सुवर्णदुर्ग पार दिसेनासा झाला. "आत्ता किल्ला आहे का?" तू विचारलंस. मी म्हटलं, दृष्टीआड सृष्टी. तुझा चेहरा उजळला. म्हणालीस, बर्कलीचं भांडण या म्हणीशीच आहे, म्हणून त्याला देव आणावा लागला: आपण पाहत नसलो तरी देव पाहत असतो. ते मला मनापासून आवडलं, अजूनही आवडतं. पण मी म्हटलं, पाऊस थांबला की तट ओला दिसेल, म्हणजे कोणी बघत नव्हतं तेव्हाही तो भिजत होता. तू थोडा विचार केलास. "हा पुरावा नाही होत, काकू. पण जे दिसतं त्याचा याहून सोपा उलगडा नाही." बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९१२ मध्ये मांजराचं उदाहरण देऊन असंच म्हटलंय म्हणालीस. आपण बघत नसताना मांजर नसेलच, तर परत दिसतं तेव्हा ते भुकेलं कसं? मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर घोटाळणारी मांजरं बघितली की आता मला रसेल आठवतो.

आपल्याकडच्या लोकांवर तू सगळ्यात जास्त वेळ दिलास, आणि मलाही त्यांचंच जास्त लागलं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपण येता-जाता म्हणतो. तू वाळूतून एक शिंपला उचललास. लांबून तो चांदीसारखा चमकत होता. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनी याच एका शिंपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, हे मला ठाऊकच नव्हतं. विज्ञानवादी बौद्ध (इथे विज्ञान म्हणजे जाणीव) म्हणाले, चांदी बाहेर नव्हतीच, जाणीवच चांदीचं रूप घेऊन आली, आणि एरवीही तसंच असतं. त्यांच्यातल्या वसुबंधूच्या 'विंशतिका' या ग्रंथाच्या पहिल्याच श्लोकात दाखला आहे तो तिमिर झालेल्या माणसाचा, ज्याला नसलेले केस दिसतात. डोळ्याचा रोगी! ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांतले प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, खोटं असं काही दिसलंच नाही. शिंपला दिसला, चांदी आठवली, दोहोंतला फरक तेवढा ध्यानात आला नाही. आणि नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणाले, चांदीसुद्धा खरीच, फक्त दुसरीकडे पाहिलेली. चूक झाली ती इथल्या वस्तूला तिथली समजण्यात.

मला नैयायिक लगेच पटले. पहिलीतलं पोर 'व'ला 'ब' वाचतं, तेव्हा 'ब' त्यानं कुठेतरी पाहिलेला असतो आणि समोर अक्षरही असतंच. कोऱ्या पाटीवर कोणी चुकीचं वाचत नाही. तू हे वहीत लिहून घेतलंस. माझं म्हणणं कोणी वहीत लिहून घेतल्याला किती वर्षं झाली होती!

आणि शंकराचार्य. 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' ऐकत मी लहानाची मोठी झाले. मला वाटायचं, आचार्य म्हणतात की जग नाहीच. तू ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातलं भाष्य वाचून दाखवलंस. तिथे ते विज्ञानवाद्यांना ठणकावतात की बाहेरची वस्तू नाही म्हणता येत नाही, कारण ती अनुभवाला येते. आतलंच बाहेर असल्यासारखं भासतं म्हणता? 'बाहेर' असं काही मुळात नसेल तर 'बाहेर असल्यासारखं' कुठून आणलं? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो असं कोणी म्हणतं का? स्वप्न खोटं होतं हे जागेपणी कळतं, जागेपणी पाहिलेल्या खांबाचं तसं होत नाही. मिथ्या म्हणजे नसलेलं नव्हे, हे मला सत्तरीत कळलं. ते तुझ्यामुळे.

तरी माझी गाठ सुटली ती होडीपाशी. बंदरात एका होडीचं वल्हं पाण्यात अर्धं बुडलेलं होतं, वाकडं दिसत होतं. तू ऑस्टिनचं सांगितलंस. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक गेल्यावर त्याची व्याख्यानं १९६२ मध्ये पुस्तकरूपानं आली. तो विचारतो, सरळ काठी पाण्यात वाकडी दिसली यात फसवणूक कसली? पाण्यात बुडलेली सरळ काठी दिसायची ती अशीच. मी वल्ह्याकडे बघत राहिले. ते पाण्यात सरळ दिसलं असतं तर घाबरायची गोष्ट होती. वाकडं दिसत होतं, पण दिसत होतं ते वल्हंच, वल्ह्याचं चित्र नाही. आणि निळा मफलर पिवळ्या भिंगातून हिरवटच दिसायचा. मी मफलरच पाहत होते. काचेतून पाहिलं म्हणून मी काच पाहिली असं होत नाही. तो हिरवेपणा माझ्या डोळ्यानं घातलेला असेल, पण त्या हिरव्याच्या वर जो चेहरा होता तो ह्यांचाच होता.

मी तिथेच रडले. तू मला रडू दिलंस, आणि परतताना मात्र खरं काय ते सांगितलंस. ऑस्टिननं सगळं मिटवलेलं नाही. तापात माणसाला समोर काहीही नसताना दिसतं, त्याचं काय, यावर अजून वाद आहे. मन राखायला तू हे लपवू शकली असतीस. लपवलं नाहीस, म्हणूनच बाकीच्यावर माझा विश्वास बसला.

त्याच आठवड्यात सूर्यास्ताचंही सांगितलंस. हवेमुळे किरण वाकतात आणि क्षितिजावरचा सूर्य सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. सूर्याची रुंदीही साधारण तेवढीच. म्हणजे बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सूर्य सरळ रेषेत पाहिला तर जवळजवळ बुडालेलाच असतो. शिवाय तो उजेड सव्वाआठ मिनिटांपूर्वी निघालेला. मी विचारलं, मग मी रोज हात जोडते ते कोणाला? तुला उत्तर सुचलं नाही आणि तसं तू कबूल केलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालता घालता म्हणालीस, "काकू, पत्र उशिरा मिळालं म्हणून ते दुसऱ्या कोणाचं होत नाही ना?" रात्रभर तू माझ्या प्रश्नावर विचार करत होतीस.

दिवाळी झाली. डाव्या डोळ्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी तू आलीस, कपाट उघडलंस, मफलर काढून माझ्या मांडीवर ठेवलास. "उजवा डोळा मिटा काकू. ह्या डोळ्यानं एकदा बघून घ्या. उद्यापासून हा रंग दिसणार नाही." आणि तू पडवीत जाऊन बसलीस.

मी उजवा डोळा मिटला. मफलर हिरवट झाला, ह्यांच्या गळ्यात होता तसा.

बाहेर आले तेव्हा दिवा लावायची वेळ टळून गेली होती आणि तू अंधारात तशीच बसली होतीस.

नाशिकच्या पत्त्यावर आमसुलं पाठवली आहेत. बरणी उन्हात ठेवू नकोस. शिंपला माझ्याकडेच राहू दे.

तुझी,
शेजारची काकू
हर्णै