आजोबांची लढाईतली डायरी छापताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात मराठा लाइट इन्फंट्रीत चाकरी केलेल्यांची घरे गावोगावी आहेत. त्यांच्या ट्रंकांतून निघालेल्या डायऱ्या नातवंडे छापू लागली आहेत, ही फार मोलाची गोष्ट. पण छापील पुस्तक मूळ वहीशेजारी ठेवले की पुष्कळदा दोन वेगळीच माणसे बोलताना ऐकू येतात. ते टाळता येते, म्हणून हे पत्र.

हाती आलेली वही कुठली, हे आधी ठरवावे. आघाडीवर खासगी डायरी ठेवायला मनाई असे. शत्रूच्या हाती पडली तर पलटणीचा ठावठिकाणा फुटेल ही भीती. त्यामुळे तिथे लिहिलेली वही बहुधा खिशात मावणारी, पेन्सिलीने लिहिलेली असते. मधले दिवस कोरे, कधी चार दिवसांचे एकदम लिहिलेले. उलट सगळी पाने एका शाईत, एका वळणात असतील आणि १९१६ च्या नोंदीत ‘पहिले महायुद्ध’ असे शब्द असतील, तर ती पेन्शनीत आल्यावर उतरवलेली प्रत. दुसरे युद्ध झाल्याशिवाय पहिल्याला पहिले कोण म्हणेल? ती प्रतही छापावी, पण आठवणी म्हणून. दोन्ही मिसळून तिसराच मजकूर तयार करणे सर्वांत वाईट.

वही हाताळताना सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टी कधीच करू नयेत. त्या काळी शाईची पेन्सिल वापरत. तिच्या अक्षराला ओल लागली की ते जांभळे होऊन पसरते आणि परत येत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात वही बाहेर काढूच नये. स्कॅन रंगीत करावे, पेन्सिलीच्या मजकुरासाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० बिंदू). शिवण कच्ची असेल तर काचेवर दाबू नये, वरून कॅमेऱ्याने घ्यावे. पुसट ओळीवर बाजूने तिरपा उजेड टाकला की दाबाच्या खुणा वाचता येतात. कोरी पाने, पुठ्ठे, आत ठेवलेल्या चिठ्ठ्याही त्या-त्या जागीच टिपाव्यात.

खरे काम लिप्यंतराचे. पहिल्या महायुद्धातल्या वह्या बहुधा मोडी या जुन्या मराठी लिपीत, त्या देवनागरीत उतरवायच्या. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि परदेशी गावांची नावे कानावर पडली तशी उतरवलेली असतात. म्हणून दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचावे, मग ओळीला ओळ लावून ताडावे. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह ठेवावे. अंदाजाने भरलेले गावाचे नाव पुढे इतिहास म्हणून उद्धृत होते.

भाषेला हात लावू नये. आपल्याकडचा माणूस ‘येऊलालेत’, ‘करूलालाव’ लिहिणार, मध्येच कन्नड शब्द टाकणार, हुद्दे आणि हुकूम पलटणीतल्या हिंदुस्थानीत लिहिणार. त्याचे ‘येत आहेत’ करून पुणेरी मराठी बनवले की सीमाभागातला तो शिपाई पानावरून उठून जातो. कठीण शब्दाचा अर्थ तळटीपेत द्यावा.

चूक किंवा जुने नावही मजकुरात बदलू नये. वहीत ‘१०३ नंबर पलटण’ असेल तर तसेच छापावे आणि टीप द्यावी, की १९२२ च्या पुनर्रचनेत ती रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. ११० वी ती तिसरी. या दोन्ही पलटणी तुर्कांनी इराकमधल्या कूत गावाला घातलेल्या वेढ्यात होत्या. तिथली शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. वहीत एखाद्या दिवसाचा फरक पडला तर तोही टीपेतच सांगावा. पडताळ्यासाठी पलटणींच्या अधिकृत रोजनोंदी, म्हणजे वॉर डायऱ्या आहेत, पहिल्या युद्धातल्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत.

गाळण्याचा मोह दोन ठिकाणी होतो. एक, शिधा, हवापाणी, ‘आज पत्र नाही’ असल्या नोंदी कंटाळवाण्या वाटतात. दोन, घराला अवघड वाटणारा मजकूर. कूतमध्ये हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस बराच काळ नाकारले, एप्रिलमध्ये पुष्कळांनी खाल्ले. अशी नोंद सोवळ्यापायी खोडून टाकणे म्हणजे त्या माणसाची उपासमारच खोडणे. दुसऱ्या शिपायाची बदनामी होईल असे काही असेल आणि त्याचे कुटुंब गावात असेल, तर नावापुरते कंसात ‘नाव गाळले’ असे लिहावे. मृताच्या बदनामीबद्दलही कायदा आहे. मजकूर गुपचूप वगळू नये.

हक्काचा मुद्दा उशिरा आठवतो. लेखकाच्या निधनानंतर प्रथमच छापलेल्या लिखाणाचा कॉपीराइट, निधनसमयी तो शाबूत असेल तर, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो आणि तो वारसांचा असतो, वही ज्याच्या कपाटात आहे त्याचा आपोआप नव्हे. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. प्रकाशकाशी करारात मुदत लिहावी. न लिहिल्यास कायदा ती ५ वर्षे धरतो.

छपाईत घात होतो तो डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, आणि ऑपरेटर सवयीने शुद्धलेखन सुधारतो. म्हणून प्रत्येक प्रूफ मूळ पानाच्या स्कॅनशी ताडावे, मागच्या प्रूफाशी नव्हे. खिशातल्या वहीची २०० पाने म्हणजे पानाला ९० शब्दांप्रमाणे १८,००० शब्द. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात ६० पाने, टीपा, नकाशा, सूची धरून १२८, म्हणजे १६ पानी ८ फॉर्मे (एकत्र छापून दुमडलेले कागद). आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मोफत मिळतो. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. सोबत एक प्रत बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला द्यावी, आणि स्कॅनचा संच घराबाहेर निदान एका ग्रंथालयात ठेवावा.

आपला,
मोडी लिप्यंतर करणारा एक वाचक, बेळगाव