कृत्रिम गादीचे स्टिकर रुग्णाच्या हाती द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कंबरेच्या मणक्यातली झिजलेली गादी काढून कृत्रिम गादी बसवायची म्हटले की घरात आधी खर्चाचे बोलणे होते, मग कामावर कधी जाता येईल याचे. मार्केट यार्डातला हमाल असो वा तासगावच्या बागेत पाठीवर पंप घेऊन फवारणारा, त्याचे घर कंबरेवरच चालते. पुढे काय बिघडू शकते, हे विचारायचे राहून जाते.

माझ्या मेहुण्यांची ही शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात झाली. सुरुवातीला बरे वाटले, मग कंबर आणि डावा पाय पुन्हा धरला. मिरजेत दाखवल्यावर एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, गादीची प्लेट हाडात रुतली आहे. ही गादी कोणत्या कंपनीची, कोणते मॉडेल, असे त्यांनी विचारले. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘डिस्क रिप्लेसमेंट’. त्या रुग्णालयात चौकशी केली, तर जुने रेकॉर्ड मिळणार नाही म्हणाले.

हे साधे कागदाचे प्रकरण नाही. बहुतेक गाद्यांत धातूच्या दोन प्लेटा आणि मध्ये प्लॅस्टिकचा गाभा असतो. काहींत तो मोकळा सरकतो, काहींत खालच्या प्लेटेत अडकवलेला असतो. गाभा झिजतो, जागचा हलू शकतो. मणक्यांमधले मागच्या बाजूचे सांधे झिजून दुखणे परतते. मुळात ही शस्त्रक्रिया पोटातून होते, पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून. त्यांना इजा झाली तर जिवावर बेतते. दुसऱ्यांदा तिथे जायचे तर जुन्या जखमेचे व्रण त्या वाहिन्यांना चिकटलेले असतात, म्हणून धोका आणखी वाढतो. त्यामुळे पुष्कळदा गादी तशीच ठेवून पाठीकडून स्क्रू घालून मणके जोडतात. हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला आत काय बसवले आहे, हे ठाऊक नको का?

पुरुषांत पोटातल्या बारीक नसा दुखावल्या तर वीर्य उलटे मूत्राशयात जाते आणि मूल होण्यात अडचण येते. लग्नाच्या वयाच्या मुलाला हे आधी सांगायलाच हवे, संकोच कसला? हाडे ठिसूळ झालेल्यांना ही गादी बसवत नाहीत. अमेरिकेत २००४ साली कंबरेच्या अशा गादीला पहिली परवानगी मिळाली आणि २००७ मध्ये तिथल्या सरकारी मेडिकेअर योजनेने साठीपुढच्या रुग्णांसाठी तिचा खर्च द्यायचा नाही असे ठरवले. नेमक्या रुग्णाला तिचा फायदा होतो, हे मला मान्य आहे. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही, न सांगता करण्याला आहे.

इम्प्लांटच्या पाकिटात कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात. त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला काय लागते? संमतीपत्र मराठीत असावे, त्यात वरचे धोके असावेत, पोटातून वाट करून देणारा सर्जन कोण हेही लिहावे. उपकरणांपासून झालेला त्रास नोंदवायला २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचे काम आहे. आमच्या घरात हे कुणी सांगितले नव्हते. मिरजेत सातारा, कोल्हापूर, कर्नाटकातूनही रुग्ण येतात; निदान इथल्या रुग्णालयांनी स्टिकर देण्याची पद्धत या वर्षी सुरू करावी आणि आपल्या आरोग्य पुरवणीत त्याची माहिती यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली