मंगळवारची सुई

प्रिय सई,

काल फोनवर तू म्हणालीस, आई तू दर वेळी तेच तेच विचारते, अन् ठेवून दिलास. म्हणून आता लिहून राहिली, लिहिलं की निदान शेवटपर्यंत वाचशील तरी. रेबीजच्या सुईचं एकदाच विचारते अन् मग पूर्ण पत्र तर्रीचंच, तुला चावलेल्या त्या पिल्लाचंच लिहिते. शुक्रवारची घेतली म्हणालीस, कार्डाचा फोटो अजून आला नाही. पुढची मंगळवारी आहे. झालं, संपलं.

तर्री छान आहे. काल सकाळी बाबा अन् मी त्याला सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजात नेऊन आणलं, हो त्याला, कारण डॉक्टरांनी शेपटी वर करून पाहिली अन् म्हणाले हा बोका आहे, नारिंगी मांजरं पाचातली चार बोकेच निघतात. नाव मात्र तेच राहू द्या म्हणाले बाबा, सईनी ठेवलंय. जाताना झाकण लावलेल्या टोपलीत तुझी ती फाटकी निळी ओढणी घातली होती, तिच्यात तोंड खुपसून बसला, शंकरनगर चौकातल्या हॉर्नला एकदा ओरडला तेवढंच. डोळ्यांचा निळेपणा अजून पूर्ण गेला नाही, खालवर दुधाचे दात आलेत, त्यावरून पाच-सहा आठवड्यांचा असावा असं म्हणाले. वजन साडेपाचशे ग्रॅम भरलं. जंताचं औषध दिलं. पिसवा आहेत बऱ्याच, त्यांना बारीक दातांच्या फणीनी काढायचं, कुत्र्यांची पावडर घरात असेल तरी लावायची नाही, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं अन् ते मांजराला विष आहे. पॅरासिटामॉलसुद्धा मांजराला चालत नाही, एका गोळीनी जीव जाऊ शकतो, हे मला खरंच माहीत नव्हतं. आजीच्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी वरच्या फडताळात गेल्या.

तू पुण्याला गेलीस त्या रात्री तो तुझ्या सायकलच्या मागे ट्रंकेच्या सांदीत शिरला अन् बाहेर यायलाच तयार नाही. रस्त्यावर भाऊबीजेचे फटाके चालूच होते, प्रत्येक लडीला आतून फिस्स. आजी म्हणाल्या बाहेर ओढा त्याला, मी म्हटलं नको. ते फिस्स करणं म्हणजे राग नाही गं, शुद्ध भीती असते ती, इतकुशा जिवाकडे दुसरं काय आहे. ओढून काढलं की त्याला एकच गोष्ट कळते की हात म्हणजे संकट. मग मी मिठाईचं मोठं खोकं घेतलं, एका बाजूनी दार कापलं, आत ओढणी अन् गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली, कारण आपल्याकडे आता पहाटे चांगलंच गार होऊन राहिलं. दिवा बंद केला. समोरच्या बांधकामावरून बाबा रेती घेऊन आले, चाळून, तुझ्या जुन्या ट्रेमध्ये पसरली, अन् मला म्हणतात मी काही या मांजराच्या भानगडीत नाही बाप्पा.

सकाळी खोकं भरलेलं होतं.

दुधाचा मात्र घोळ झाला असता. आजींनी बशीत गाईचं दूध काढून ठेवलं होतं, मांजर म्हटलं की दूध, सगळ्यांना तेच वाटतं. पण पिल्लांना ते पचत नाही, हगवण लागते, अन् एवढ्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात जातं. मी बशी उचलली तर आजी फुगून बसल्या, मग काल डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं तेव्हा कुठे ऐकलं. आता किटनचं ओलं पाकीट अन् वरच्या शेख काकू उकडलेल्या चिकनचे तार तार तुकडे डब्यात पाठवतात, मीठ नाही, कांदा लसूण तर अजिबात नाही, तेही मांजराला बाधतं. आपल्या स्वयंपाकघरात ते यायचं नाही पण मागच्या खोलीत चालेल, असा निकाल आजींनी स्वतःच दिला. तुझ्या आजोबांच्या वेळी अंड्याचं टरफल दिसलं तर घर धुवायच्या, आठवतं का.

माणसाळवणं चालू आहे ते असं. मी युनिट टेस्टचे पेपर घेऊन खाली जमिनीवर बसते, त्याच्याकडे पाठ नाही पण तोंडही नाही, अर्धवट तिरकी. उभं राहिलं की आपण त्याला केवढे दिसत असू विचार कर. पेपर मोठ्यानी वाचते म्हणजे आवाजाची सवय होईल, आठवी ब चे प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम ऐकून ऐकून त्याला पाठ झाले असतील. नजरेला नजर द्यायची नाही, दिलीच तर हळूच डोळे मिटायचे अन् उघडायचे. वाटी आधी लांब, मग दर खाण्याला थोडी थोडी माझ्या गुडघ्याकडे. भूक असते तेव्हाच भीती जरा मागे सरते, म्हणून वाटी दिवसभर भरून ठेवत नाही, मी बसते तेव्हाच खाणं येतं, पण पोटभर येतं, उपाशी ठेवत नाही गं, तू लगेच विचारशील. काल रात्री बोटावरचं चाटलं. जीभ एवढी खरखरीत असते! मग हात खालून नेला, वरून नाही, वरून आलेला हात म्हणजे त्याला घार वाटत असणार, अन् हनुवटीखाली एका बोटानी खाजवलं. आधी ताठ झाला, मग मान पुढे केली, अन् मग ती घुरघुर सुरू झाली, एवढ्याशा छातीतून केवढा आवाज. मी बाबांना हाक मारणार होते पण हललेच नाही.

डॉक्टर म्हणाले या वयात सापडला ते बरं झालं. सात-आठ आठवड्यांपर्यंत पिल्लं माणसाला चटकन स्वीकारतात, पुढे ते जड जड होत जातं, तीन महिन्यांचं जंगली पिल्लू असतं तर महिने गेले असते. म्हणजे तू त्या रात्री नव्या ड्रेसवर रस्त्यावर आडवी पडून गाडीखाली शिरलीस ते अगदी वेळेत शिरलीस. कुणी माणसानी त्याला मिठाईच्या खोक्यात घालून ट्रॅफिक पार्कच्या भिंतीपाशी सोडलं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सुतळी बॉम्बच्या आवाजात, मला त्या माणसाचा अजून राग येऊन राहिला.

अन् आता खरं सांगते. मी त्याच्याकडे दोन कारणांनी बघते. वहीत लिहून ठेवते, किती खाल्लं, पाणी प्यायला का, चालताना झोकांडी तर जात नाही, लाळ तर गळत नाही, उगाच अंगावर तर येत नाही. तो नीट खातो तेव्हा मला त्याच्यासाठी आनंद होतो अन् त्याच क्षणी तुझं बोट डोळ्यांपुढे येतं. दोन्ही एकदमच होतं, वेगळं करता येत नाही.

तू म्हणशील मग प्रश्नच मिटला, दहा दिवस मांजर धडधाकट राहिलं तर काही नसतं, मी गूगल केलंय. हो, दहा दिवस लक्ष ठेवायचा नियम कुत्र्यामांजराला आहे, बरोबर आहे. पण दहा दिवस होतात येत्या शुक्रवारी, अन् सुई आहे मंगळवारी, शुक्रवारच्या आधी. थांबवायची की पुढच्या द्यायच्या हे नंतर डॉक्टर ठरवतील, तू नाही, मी पण नाही. तुला दंडात देऊन राहिले, त्याचे दिवस 0, 3, 7, 14, 28. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत कातडीत देतात, त्याचे 0, 3, 7, 28, म्हणून पुण्यात नवीन ठिकाणी गेलीस तर आधी इथलं कार्ड दाखव, आपल्या मनानी अदलाबदल नको. अन् बोट बरं दिसतं म्हणून सोडू नको. मांजराचे दात बारीक अन् लांब, वरून टाचणीएवढी खूण अन् आत खोल, रक्त आलं होतं म्हणूनच तर जखमेत रेबीजचं सीरम भरलं. सूज, लाली, ठणका काही असेल तर मला लपवू नको, मांजराची जखम पिकते लवकर. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण कर. जेवण करून घेत जा, उपाशीपोटी नको. प्रोबेशनमध्ये हाफ डे मागायला लाज वाटते म्हणतेस, सकाळी नऊच्या आत जाऊन ये ना मग, नाहीतर सरळ सांग मॅनेजरला, मांजर चावलं, रेबीजची सुई आहे, कोणता माणूस नाही म्हणेल यावर? अन् म्हणत असेल तर तसली नोकरी

बरं, सोड. शाळेतला आवाज लागला माझा. सॉरी. एकदाच विचारते म्हटलं होतं.

पण मला काय आठवतं ते तुला कधी सांगितलं नाही. काटोलला आम्ही होतो तेव्हा चौथीत माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगा होता, संत्र्याच्या बागेत त्याचे वडील राखणीला. पोळ्याच्या आसपास त्याला कुत्रं चावलं, पोटरीला, छोटंसंच. घरच्यांनी चुना अन् मिरची लावून फडकं बांधलं, तेव्हा सगळे तेच करत. दवाखान्यात पोटात चौदा सुया द्यायचे, त्या भीतीनी कुणी पोराला नेलं नाही. जखम भरली, तो आमच्यासोबत लंगडी खेळला, कंदील लावले. दिवाळीनंतर एक दिवस त्याला पाणी गिळेना. मी पुढचं लिहीत नाही. त्या पोटातल्या सुया 2004 च्या सुमारास बंदच झाल्या, आता दंडात चार-पाच, मुंगी चावल्यासारख्या, अन् तरी लोक शेवटच्या चुकवतात कारण सगळं ठीक दिसत असतं. हा आजार साधारण दोन-तीन महिने गप्प बसतो अन् एकदा लक्षणं दिसली की मग डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही राहत नाही. दर वर्षी वर्गात पाश्चर शिकवताना मी 6 जुलै 1885 सांगते, नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर सांगते, पोरं वहीत लिहितात. त्याला पॅरिसला घेऊन कोण गेलं होतं माहीत आहे? त्याची आई. अल्सासहून, चावलेल्या पोराला घेऊन, कुणी माणसावर नीट वापरूनही न पाहिलेल्या औषधापाशी. त्या बाईचा विचार मी अठरा वर्ष शिकवताना कधी केला नव्हता, या आठवड्यात रोज करून राहिली.

म्हणून तेच तेच विचारते.

पण हेही लिहिते, नाहीतर तुला वाटेल आई फक्त घाबरते. त्या रात्री तू चावा बसल्यावरही त्याला फेकलं नाहीस. दुसरं कुणी असतं तर हात झटकला असता, तू तसंच त्याला कुडत्यात गुंडाळून घरी आणलंस अन् मग नळाखाली बोट धरून साबणानी पंधरा मिनिटं, बाबा घड्याळ घेऊन उभे, तू त्यांनाच धीर देत होतीस. दवाखान्यात सीरम भरताना हूं का चूं नाही. मी बाहेर येऊन रडले, ते बाबांनी तुला सांगितलंच असेल. सहावीत असताना संक्रांतीला गच्चीवर नायलॉन मांज्यात कबुतर अडकलं होतं, मोठी पोट्टी नुसती व्हिडिओ काढत होती अन् तू आजीची नखं कापायची कात्री घेऊन एक एक फेरा सोडवत बसली होतीस, पंख धरून, दुपारचं जेवण सोडून. तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला की या पोरीचे हात असेच कुठे कुठे जाणार. जाऊ दे. फक्त पुढच्या वेळी आधी जाड टॉवेल टाक त्याच्यावर, डोकं झाकलं गेलं की जनावर शांत होतं, अन् मग टॉवेलासकट उचल. मोकळा हात नको.

बाकी इकडचं. आजीचा गुडघा तसाच आहे, पण दिवसातून चार वेळा मागच्या खोलीपर्यंत चालून जातात, मी तर म्हणते चांगलंच आहे. बाबांनी ठरवलं मांजर राहणार, मला विचारलं नाही, तुझ्या सायकलच्या सीटवर त्याच्यासाठी फडकं शिवून बांधून राहिले होते आज. सहा महिन्यांच्या आत नसबंदी करून घ्यायची, ते डॉक्टरांनी बजावलं, नाहीतर गल्लीत भांडणं अन् भिंतीवर फवारे. शेख काकूंचा मोठा बुधवारी पुण्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ चिवडा, अनारसे अन् तुझा स्वेटर देते, फोन उचलशील त्याचा.

अन् एक सांग लगेच. तर्रीची पहिली लस तो आठ आठवड्यांचा झाला की, म्हणजे नोव्हेंबरात, ती मी देऊन आणते. रेबीजची त्याला बारा आठवड्यांनंतर, म्हणजे डिसेंबरात कधीही. तू नाताळच्या सुट्टीत नक्की येणार असशील तर तारीख तेव्हाची घेते, तूच घेऊन जा त्याला. तिकीट काढलंस का? सोमवारी दुपारपर्यंत कळव, मला कॉलेजात फोन करायचा आहे.

तुझी
आई