आई, टाकी फुटायची भीती आधी काढ डोक्यातून

ती. आई-बाबांस सा. न.,

फोनवर आवाज तुटतो आणि आईचा प्रश्न अर्धाच राहतो, म्हणून हे टाइप करतोय, सावकाश वाचा. आई, तुला वाटतं की आपल्या सिलेंडरसारखाच गॅस इथे कतारमधल्या रास लफान बंदरातल्या टाक्यांत दाबून भरलाय आणि मी त्याच्या बाजूला उभा, तर तसं नाहीये गं. सिलेंडरात प्रोपेन-ब्युटेन असतं, ते नुसत्या दाबाने पातळ होतं. हा इथला नैसर्गिक गॅस मुख्यतः मिथेन, नेहमीच्या तापमानाला कितीही दाबा, पातळ होतच नाही, मग त्याला उणे १६२ अंशांपर्यंत गार करतात आणि ६०० लिटर गॅसचा साधारण १ लिटर होतो, म्हणून तर जहाजाने न्यायला परवडतं. टाकीत दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच.

गार करायच्या आधी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि चक्क पारासुद्धा काढावा लागतो, पहिले दोन गोठून पाइप तुंबवतात आणि पारा यंत्रातलं ॲल्युमिनियम खातो. एवढं करूनही थोडी उष्णता आत शिरतेच, रोज थोडा गॅस उकळतो, आणि बरीच जहाजं तोच जाळून इंजिन चालवतात, म्हणजे वाटेतच माल खायचा! मला हे जाम आवडलं.

बाबा, आपल्या अंजनवेलला दाभोळ टर्मिनलवर याच्या उलटं चालतं, जहाजातून उतरवायचा, गरम करून परत गॅस करायचा आणि पाइपात सोडायचा. पहिलं जहाज २०१३ ला लागलं, पण लाटा अडवणारा बांध अर्धवट, त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात धंदा बंद. आणि तुम्ही ‘क्लीन गॅस’ म्हणता ते अर्धंच खरं, जळताना कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन सोडतो, पण न जळता गळला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो.

धोका नाहीच असं नाही हां. पातळ असताना पेटत नाही, पण सांडला की वाफ होते, ती हवेत ५ ते १५ टक्के मिसळली की ठिणगी पुरते, आणि वास अजिबात नाही, वासाचं औषध नंतर शहरातल्या पाइपात सोडताना घालतात. इथे सगळा भरवसा गळती ओळखणाऱ्या डिटेक्टरवर. गळती झाली की जमिनीलगत पांढरं धुकं सरपटतं, ते खरं तर हवेतलं बाष्प. आणि ठिणगी नको म्हणून साधा मोबाइल आत न्यायचा नाही, गेटवर लॉकरमध्ये. तेव्हा आई, दुपारी फोन लागला नाही तर लगेच मावशीला कळवत बसू नकोस, मी ड्युटी संपली की करतो.

तुमचा,
बाळू