सूर्य नसलेले सूर्यास्त पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. वाचकांनी पाठवलेले सूर्यास्ताचे फोटो तुम्ही छापता ते मी आवर्जून बघतो, पण खरं सांगू का, सगळे एकाच साच्यातले असतात, मधोमध केशरी गोळा, पुढे हात पसरून कुणीतरी उभं आणि रंग इतके चढवलेले की आकाश कमी अन् रंगाचं शेडकार्ड जास्त वाटतं.

खरी गंमत तर सूर्य बुडाल्यावर असते हो! लोक काय करतात, गोळा दिसेनासा झाला की मोबाईल खिशात आणि चला घरी, आणि नेमकं त्यानंतर दहा-वीस मिनिटांत उंचावरचे ढग खालून पेटायला लागतात, आधी कडा सोनेरी, मग केशरी, मग गुलाबी आणि शेवटी राखाडी जांभळट. ते पिंजलेले विरळ ढग असतात ना, ते सहा किलोमीटरच्याही वर असतात, त्यामुळे आपल्याला सूर्य दिसेनासा झाला तरी त्यांच्यावर ऊन असतंच. पश्चिमेला खाली जाड ढग आडवे आले तर मात्र काही खरं नाही. आणि कधीतरी पाठ फिरवून पूर्वेकडे पण बघा, हवा स्वच्छ असेल तर क्षितिजालगत निळसर करडा पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो, ती चक्क पृथ्वीची सावली, आणि तिच्या वर गुलाबी पट्टा. याचा फोटो तुमच्याकडे छापून आलेला मला तरी आठवत नाही.

प्रदूषण जास्त तेवढे रंग भारी असं बरेच जण ठोकून देतात, ते काही बरोबर नाही. मावळतीच्या किरणांना भर दुपारपेक्षा तीसपटीहून जास्त हवा पार करावी लागते, त्यात निळा विखरून जातो आणि लाल-केशरी उरतो, हे काम हवेचे रेणूच करतात, धूर कशाला हवाय. खालच्या धुरक्याने उलट रंग मळतात. ज्वालामुखीची गोष्ट वेगळी, १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा त्यातलं बारीक द्रव्य इतकं उंच गेलं की त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पार अमेरिकेत लालभडक आकाश बघून आग लागली समजून बंब बोलावले होते.

आता मोबाईलचं. ऑटोवर ठेवला की तो जास्तीचा शहाणपणा करतो, केशरी उजेड म्हणजे काहीतरी चुकलंय समजून फिका करून टाकतो, मग लोक नंतर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ताणत बसतात. त्यापेक्षा व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग सांभाळणारं सेटिंग) डेलाइटवर ठेवा, उजळ ढगावर बोट दाबून एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा आणि ब्राइटनेस जरा खाली ओढा, झाडं-माणसं काळी पडली तर पडू देत. (मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यात डोळा लावून थेट सूर्य बघायचा नाही, डोळे जातील.)

तर विनंती एवढीच की फोटोखाली नावासोबत वेळ आणि एडिट केलाय का तेही छापा, आणि एखाद्या रविवारी फ्रेममध्ये सूर्य नको या अटीवर फोटो मागवून तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक