अस्मितासाठी गिटार कंट्रोलर: मकरंदला पत्र

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

अस्मिताला वाढदिवसासाठी गेमची गिटार हवी आहे आणि पाच हजार रुपयांच्या आत चांगली कोणती मिळेल, असे तू विचारले आहेस. एखादे नाव कळवून मोकळे होणे मला बरे वाटेना, कारण या बाबतीत गिटार कोणती यापेक्षा ती तुमच्या घरातल्या लॅपटॉपला जोडायची कशी हा प्रश्न मोठा आहे आणि लोकांचे पैसे बहुधा तिथेच वाया जातात. माझे मत आधीच सांगतो: ‘गिटार हीरो’ या खेळाची (पडद्यावर येणाऱ्या रंगीत टिकल्यांबरोबर गिटारीवरची बटणे दाबायची असा हा खेळ) निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठी निघालेली जुनी, गिब्सनच्या लेस पॉल गिटारीच्या घाटाची गिटार घ्यावी, ती तारेने लॅपटॉपला जोडावी आणि नव्याकोऱ्या गिटारीच्या मागे लागू नये. आता त्याची कारणे.

हार्मोनिक्सने तयार केलेला आणि रेडऑक्टेनने बाजारात आणलेला पहिला ‘गिटार हीरो’ २००५ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन २ साठी निघाला. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे, पोटावर वर-खाली होणारी स्ट्रमची (तारा छेडण्याऐवजी दाबायची) पट्टी आणि स्वर हलवण्यासाठी व्हॅमीची दांडी, अशी ही रचना होती. तशी कल्पना कोनामीने १९९९ मध्येच जपानच्या आर्केडमध्ये तीन बटणांच्या गिटारीवर आणली होती; पण घराघरांत पोचली ती ही पाच बटणांची. २००७ मध्ये हार्मोनिक्सचाच ‘रॉक बँड’ आला, पुढची दोन-तीन वर्षे अमेरिकेतल्या दुकानांत गिटारींचे ढीग लागले, आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याची तेव्हाची प्रकाशक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’ बंद केला. मधल्या काळात तयार झालेल्या त्या गिटारी आज इथल्या माळ्यांवर, गॅरेज सेलमध्ये आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत पडून आहेत. त्यांना पुन्हा मागणी आली ती मुख्यतः ‘क्लोन हीरो’ या विनामूल्य गेममुळे, जो साध्या लॅपटॉपवरही चालतो आणि ज्याची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. अस्मिताच्या मैत्रिणीकडे तिने पाहिला तो हाच असणार.

आता जोडणीकडे येतो. दिसायला या सगळ्या गिटारी सारख्या असल्या तरी प्रत्येक कन्सोलची बोली वेगळी आहे. प्लेस्टेशन ३ ची गिटार तिच्या स्वतःच्या यूएसबी डोंगलशिवाय (बिनतारी संदेश पकडणाऱ्या छोट्या खुंटीशिवाय) निव्वळ प्लास्टिक आहे. तो डोंगल हरवलेलाच असतो आणि दुसऱ्या गिटारीचा चालेलच असे नाही. एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी गिटारीला मायक्रोसॉफ्टचा वेगळा रिसीव्हर लागतो, जो आता निघत नाही, आणि त्याच्या नकलांवर ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो. याच कन्सोलची एक्सप्लोरर नावाची तारेची गिटार मात्र विंडोजला लावताच चालते. म्हणूनच जाणकार तिच्यावर टपलेले असतात आणि ती स्वस्तात हाती लागणे दुरापास्त झाले आहे. प्लेस्टेशन २ ची गिटार कन्व्हर्टरने चालते, पण स्वस्त कन्व्हर्टर बटण दाबल्याची खबर उशिरा पोचवतात.

वीचे तसे नाही. वी दहा कोटींहून अधिक विकला गेला, त्यामुळे त्याच्या गिटारीही उदंड आहेत. या गिटारीच्या पोटात स्वतःचा रेडिओच नाही. वीचा रिमोट तिच्या खोबणीत बसवायचा आणि गिटारीतून निघालेला प्लग त्याच्या बुडाशी लावायचा, अशी योजना आहे. लोक विकताना रिमोट काढून घेतात, आणि रिमोट नसलेली गिटार सामान्य गिऱ्हाइकाला निरुपयोगी वाटते, म्हणून ती स्वस्त मिळते. आपल्याला मात्र तो रिमोट नकोच आहे. त्या प्लगमधून आय-टू-सी पद्धतीने बोलणे चालते: एक तार माहितीची, एक ठोक्याची, आणि ३.३ व्होल्ट व ग्राउंड अशा दोन. एवढ्या चारच तारा रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डाला जोडायच्या आणि त्यावर सँट्रोलर हे मुक्त फर्मवेअर (बोर्डातच राहणारा प्रोग्राम) चढवायचे, की लॅपटॉप त्या गिटारीला एक्सबॉक्स ३६० चीच तारेची गिटार समजतो. पिको २०२१ मध्ये आला तेव्हाच त्याची किंमत ४ डॉलर होती. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळेल. सोल्डरिंगची गन तू कॉलेजपासून वापरतो आहेस, तेव्हा रविवारची एक दुपार पुरे. अस्मिताला शेजारी बसव. तिच्या खेळण्याच्या पोटात काय चालते हे तिने पाहावे असे मला मनापासून वाटते. सोल्डरिंग टाळायचेच असेल तर असेच काम करणारे तयार अडॅप्टर मिळतात, पण मग खर्च वाढतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘वीची गिटार’ म्हणून कोणी रॉक बँडची गिटार दाखवली तर घेऊ नकोस. ती रिमोटवर चालत नाही, तिला तिचा स्वतःचा डोंगल लागतो. तसेच २०१५ च्या ‘गिटार हीरो लाइव्ह’ची गिटार दिसायला सर्वांत देखणी आणि बऱ्याचदा सर्वांत स्वस्तही असते, पण तिच्यावर तीन-तीनच्या दोन ओळींत सहा बटणे आहेत आणि पाच बटणांची गाणी तिच्यावर नीट वाजवता येत नाहीत. पुण्यात ऑनलाइन पाहताना तुला तीच पुनःपुन्हा दिसेल.

तुझ्या होकाराच्या भरवशावर मी इथल्या एका माणसाकडची गिटार पाहून ठेवली आहे. पांढरी लेस पॉल, ३५ डॉलर, रिमोट नाही. जुनी गिटार कशी तपासावी हे तुलाही ठाऊक असावे म्हणून सविस्तर सांगतो. सर्वांत आधी स्ट्रमची पट्टी पाहायची, कारण सर्वाधिक झीज तिचीच होते. अंगठ्याने ती सावकाश खाली दाबायची, मग वर. दोन्ही बाजूंना स्वच्छ ‘टिक्’ ऐकू यायला हवे आणि सोडताच पट्टी मधोमध परतायला हवी. एका बाजूचा आवाज बोथट असेल तर त्या बाजूचा मायक्रोस्विच थकलेला असतो, आणि मग एकदा मारलेला स्ट्रम दोनदा लागतो किंवा लागतच नाही. हा दोष असला तरी गिटार टाकाऊ ठरत नाही, कारण स्विच काढून तसाच दुसरा बसवता येतो. फक्त किंमत पाडून मागायची. त्यानंतर मानेचा सांधा. लेस पॉलची मान पोटापासून सुटी होते आणि सांध्यात धातूचे छोटे संपर्क आहेत. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यांच्यावर मळ चढतो आणि वाजवताना मान जरा हलली की एखादा रंग मधेच गायब होतो. या गिटारीत हिरवे बटण असेच दगा देत होते. मान काढून ते संपर्क कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले तेव्हा काडी काळी झाली आणि बटण सुधारले. काही जण हा सांधा आतून तारांनी कायमचा जोडून टाकतात. तसे तू करू नकोस, कारण मान सुटी होते म्हणूनच ही गिटार माझ्या बॅगेत मावणार आहे. शेवटी सेलचा कप्पा. त्यात गळलेल्या सेलचा पांढरा थर असेल तर ती गिटार घ्यायचीच नाही. वीच्या गिटारीत सेल रिमोटमध्येच बसतात, हाही तिचा एक फायदा.

अस्मिता डावखुरी आहे, त्याची काळजी करू नकोस. ‘क्लोन हीरो’त पडदा डावखुऱ्यांसाठी उलटवता येतो. लेस पॉलच्या पोटाला एकाच बाजूला खाच असली तरी बटणे मानेच्या वरच्या टोकाशी असल्याने त्या खाचेचा वाजवण्याशी काही संबंध येत नाही. व्हॅमीची दांडी तेवढी वरच्या अंगाला येईल आणि तिची सवय करावी लागेल.

नव्या गिटारी मी मुद्दाम पाहून आलो. २०२४ मध्ये पीडीपीने रिफमास्टर काढली: घडी होणारी, चार्ज होणारी, हाताला छान लागणारी, पण बाजारात आली तेव्हा तिची इथली छापील किंमत १२९.९९ डॉलर होती. यंदा सीआरकेडीने गिब्सनच्या परवान्याने लेस पॉलच्या घाटाच्या गिटारी आणल्या, आणि हायपरकिनने तर वीसाठीच नवी गिटार सुमारे ७७ डॉलरला काढली. वस्तू चांगल्या आहेत, परंतु तुझ्या मर्यादेत त्यांपैकी एकही बसत नाही. भारतात बसून मागवायच्या झाल्या तर आयातशुल्क आणि मधल्या विक्रेत्याचा नफा वेगळा. चौदा वर्षांच्या मुलीचा नाद टिकतो की नाही हे कळायच्या आधी एवढे पैसे घालू नयेत.

तारेने जोडण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. प्रत्येक लॅपटॉप, प्रत्येक पडदा थोडा उशीर करतोच. ठरावीक उशीर असेल तर गेममधल्या कॅलिब्रेशनने (उशिराचा आकडा एकदा मोजून भरण्याच्या सोयीने) तो भरून काढता येतो. मात्र क्षणाक्षणाला कमी-जास्त होणारा उशीर कोणत्याही आकड्याने भरून निघत नाही, आणि स्वस्त बिनतारी जोडण्यांत नेमका तोच असतो. तबला शिकणाऱ्या मुलीला हे चटकन जाणवेल, आणि दोष आपल्या हाताचा आहे असे समजून ती हिरमुसेल, याचीच मला धास्ती वाटते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुनीतला (मात्रेत चार बोल) एक बोल १२५ मिलिसेकंदांचा असतो, आणि ब्लूटूथ स्पीकर सहज तेवढा किंवा त्याहून अधिक मागे पडतो. म्हणून तुमच्या दिवाणखान्यातला तो ब्लूटूथ स्पीकर या खेळासाठी अजिबात वापरू नका; साधे तारेचे इअरफोन लावा. लॅपटॉप टीव्हीला जोडलात तर टीव्हीवर गेम मोड चालू करायला विसरू नका.

गिटार हाती येईपर्यंत तिला कीबोर्डवर खेळू दे. २००६ मध्ये फिनलंडमध्ये तयार झालेल्या ‘फ्रेट्स ऑन फायर’ या मुक्त गेममध्ये कीबोर्डच गिटारीसारखा उचलून धरायचा असतो. एफ-१ ते एफ-५ ही बटणे आणि एंटर म्हणजे स्ट्रम. ‘क्लोन हीरो’तही कळा अशाच नेमून देता येतात. लॅपटॉपचा कीबोर्ड उचलता येणार नाही, तेव्हा साधा यूएसबी कीबोर्ड लाव. काही स्वस्त कीबोर्ड एका वेळी तीन-चार कळा दाबल्या तर त्यांतली एखादी गिळून टाकतात, तेव्हा जोडस्वर चुकू लागले तर आधी कीबोर्डवर संशय घ्यावा. महिनाभर तिला हे आवडले तर गिटारीचे पैसे सार्थकी लागतील.

वहिनींनी विचारले आहे की मग खरीच गिटार का घेऊ नये. प्रश्न रास्त आहे. या पाच बटणांमुळे तारांवर बोट बसत नाही, सूर लावता येत नाही, कानही तयार होत नाही. ते शिकायचे असेल तर खरी गिटार आणि गुरू यांना पर्याय नाही, हे मी निःसंकोच सांगतो. पण उजव्या-डाव्या हातांनी वेगवेगळी कामे एकाच लयीत करणे, बोटे एकमेकांपासून सुटी होणे, आणि गाण्यातला गिटारीचा भाग बाकीच्या वाद्यांतून वेगळा ऐकू येऊ लागणे, एवढे या खेळातून नक्की मिळते. ती ज्याला तिगुन आणि चौगुन म्हणून ओळखते तेच इथे रंगीत टिकल्यांच्या ओळीत समोरून येते. डावखुऱ्या मुलीला तर हे दोन्ही हातांचे काम विशेष उपयोगी पडेल. अभ्यासाचे तास ठरवून द्यावेत आणि बाकीचे तिच्यावर सोडावे, असे वहिनींना माझ्या वतीने सांग.

हा माणूस गिटार शनिवारपर्यंतच माझ्यासाठी ठेवणार आहे, म्हणून शुक्रवारच्या आत एक ओळ कळव. मी १८ डिसेंबरला निघतो. मान वेगळी करून कपड्यांमध्ये नीट गुंडाळून आणीन. तू तोवर पिको आणि यूएसबीची डेटा जाणारी केबल आणून ठेव. नुसती चार्जिंगची केबल आणलीस तर फर्मवेअर चढणार नाही. दोन मायक्रोस्विच मी इथूनच जास्तीचे घेतो, कारण गिटार उघडून मोजमाप घेतल्यावर नेमके तेच आणता येतील.

वहिनींना नमस्कार, अस्मिताला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीरंग