फलक बदला, पण डेटाबेसचे जुने नाव लगेच पुसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संस्थेचे, शहराचे किंवा जिल्ह्याचे नाव बदलले की फलक, लेटरहेड आणि शिक्के बदलतात. पाठोपाठ संगणक विभागाला तोंडी सूचना येते, 'सिस्टिममध्येही नवीन नाव करून टाका.' पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नावे अधिकृत झाली. पावतीवर, अहवालात आणि पडद्यावर दिसणारे नाव वेळेवर बदललेच पाहिजे. ती मास्टर टेबलमधली (मूळ माहितीच्या तक्त्यातली) एक नोंद असते, पाच मिनिटांचे काम. डेटाबेसचे स्वतःचे नाव मात्र फक्त प्रोग्रॅम वाचतात, आणि त्यांतले काही इतके जुने असतात की त्यांचा सोर्स कोडही कुणाकडे उरलेला नसतो. मुंबईचे नाव १९९५ मध्ये बदलले, तरी विमानतळाचा कोड आजही बीओएम आहे. अहिल्यानगरच्या गाड्यांवर एमएच-१६ च आहे. यात कुणाचा अनादर होत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा, की डेटाबेसचे नाव शक्यतो बदलू नये. बदलायचेच असेल, तर जुन्या नावाने येणाऱ्यांची सोय किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष चालू ठेवावी. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्याला कुणी मेन स्ट्रीट म्हटले तरी रिक्षावाला बरोबर पोहोचवतो. प्रोग्रॅम असा अंदाज बांधत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीवर जुने नाव सापडले नाही की तो ४०६० क्रमांकाची त्रुटी देतो आणि काउंटर बंद पडतो.

आधी जुने नाव कुठे कुठे लिहिले आहे ते शोधावे लागते. कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला जोडण्याचा पत्ता) आणि आयएनआय ही सेटिंगची फाइल सगळ्यांना आठवतात. क्रिस्टल रिपोर्टच्या फाइलमध्ये, लेखा विभागाच्या एक्सेल शीटमधील क्वेरीत, रात्रीच्या बॅकअपच्या बॅच फाइलमध्ये, शेड्यूल केलेल्या जॉबमध्ये आणि लॉगिनच्या 'डीफॉल्ट डेटाबेस'मध्ये दडलेले नाव राहून जाते. दुसऱ्या डेटाबेसमधील प्रोसीजर (सर्व्हरवर साठवलेले आज्ञांचे संच) डेटाबेस, स्कीमा आणि टेबल असे तीन भागांचे पूर्ण नाव वापरत असतील, तर त्याही तुटतात. ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी सोय, हिच्याबाबत एक गोष्ट हमखास चुकते. ६४ बिट विंडोजवर जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमची डीएसएन (जोडणीची साठवलेली नोंद) नेहमीच्या ओडीबीसी खिडकीतून नीट तपासता येत नाही. सिसवाऊ६४ फोल्डरमधली ३२ बिट खिडकी वेगळी उघडावी लागते.

कागदावरच्या यादीवर विसंबू नये. कोण जोडले जाते हे सर्व्हरलाच विचारावे. प्रत्येक डेटाबेस प्रणालीत चालू जोडण्यांची यादी असते: पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीएम_एक्झेक_सेशन्स, मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्ट. यांतून डेटाबेस, युजर आणि जोडणी कुठल्या मशीनवरून आली ते दर काही मिनिटांनी एका टेबलात साठवत राहावे. एका आठवड्याची नोंद पुरत नाही. महिनाअखेर आणि तिमाही विवरणपत्रे त्यात आलीच पाहिजेत. दिवाळीचा बोनस, ३१ मार्चची साठामोजणी आणि पतसंस्थेचा लाभांश यांचे प्रोग्रॅम तर वर्षातून एकदाच चालतात.

पुढचे काम कोणता सर्व्हर आहे त्यावर ठरते. ओरॅकलमध्ये ते सर्वांत सोपे आहे. एकाच डेटाबेसला अनेक सर्व्हिस नावे (जोडणीसाठी वापरायची नावे) देता येतात, त्यामुळे जुने नाव तसेच ठेवून नवे जोडले की झाले. सर्व्हिसऐवजी एसआयडी या जुन्या ओळखनावाने येणाऱ्या फार जुन्या क्लायंटसाठी (जोडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) लिसनर या जोडण्या स्वीकारणाऱ्या भागात वेगळी सेटिंग आहे.

पोस्टग्रेसमध्ये नाव बदलण्याची आज्ञा क्षणात पूर्ण होते, पण त्या डेटाबेसवर एकही जोडणी उरलेली चालत नाही, आणि आज्ञा दुसऱ्या डेटाबेसमधून द्यावी लागते. कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये डेटाबेसची नावे लिहिलेली असतील तर तिथेही नवे नाव घालावे, नाहीतर प्रवेशच नाकारला जातो. जुन्या क्लायंटसाठी मध्ये पीजीबाउन्सर हा जोडण्या पुढे नेणारा मध्यस्थ प्रोग्रॅम बसवावा. त्याच्या फाइलमध्ये दोन ओळी असतात, जुने नाव आणि नवे नाव, दोन्ही एकाच डेटाबेसकडे नेणाऱ्या. क्लायंटमध्ये ५४३२ हा पोर्ट (पोस्टग्रेसचा नेहमीचा जोडणी क्रमांक) ठरलेला असेल, तर तो बाउन्सरला देऊन सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर न्यावा. पूल मोड, म्हणजे सर्व्हरची जोडणी एका क्लायंटकडे किती वेळ ठेवायची ते ठरवणारा पर्याय, 'सेशन'च ठेवावा. 'ट्रान्झॅक्शन' ठेवला तर तात्पुरत्या टेबलांवर चालणारे जुने प्रोग्रॅम कोलमडतात. जावा प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडणारे जुने जेडीबीसी ड्रायव्हर जोडणीच्या वेळी 'एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्स' ही सेटिंग पाठवतात. ते दुर्लक्षित करण्याची सेटिंग केली नाही, तर बाउन्सर त्यांना दारातूनच परत पाठवतो.

मायएसक्यूएलमध्ये 'रिनेम डेटाबेस' ही आज्ञा ५.१.७ मध्ये आली आणि धोकादायक ठरल्याने ५.१.२३ मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे नवा डेटाबेस तयार करून सगळी टेबले एकाच 'रिनेम टेबल' आज्ञेत तिकडे न्यावी लागतात. ट्रिगर (टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आधी काढून नंतर पुन्हा घालावे लागतात. व्ह्यू (स्वतः माहिती न साठवता टेबलातली माहिती दाखवणारे तक्ते), प्रोसीजर आणि परवानग्या नव्याने द्याव्या लागतात. मग रिकाम्या झालेल्या जुन्या डेटाबेसमध्ये प्रत्येक टेबलाच्या नावाचा एक साधा व्ह्यू करावा. एकाच टेबलावरच्या अशा व्ह्यूतून नोंदी घालता आणि बदलताही येतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव बदलल्यावर जुन्या नावाचा छोटा डेटाबेस तयार करून त्यात सिनोनिम (नव्या डेटाबेसमधील टेबलांकडे नेणारी टोपणनावे) ठेवता येतात. मात्र टेबलांची यादी स्वतः वाचणाऱ्या प्रोग्रॅमला सिनोनिम त्या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी व्ह्यूच हवेत. मूळ टेबलात नवा रकाना घातला की ते व्ह्यू रिफ्रेश करावे लागतात. आणि लॉगिनला दोन्ही डेटाबेसमध्ये युजर असावा लागतो. सुरुवातीच्या तक्रारी बहुधा इथूनच येतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र त्रुटीने होत नाही. घाईत काही जण बॅकअप घेऊन तो नव्या नावाने रिस्टोअर करतात आणि जुना डेटाबेसही तसाच चालू ठेवतात. मग अर्ध्या पावत्या एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे. पावती क्रमांक दोनदा पडतात, आणि हे ऑडिटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दोन साठ्यांची जुळवणी हाताने करणे हे फार क्लेशाचे काम आहे. जुने नाव चालू ठेवायचे ते फक्त नव्याकडे नेणारी वाट म्हणून. त्याच्याखाली लिहिता येणारी दुसरी प्रत कधीही असू नये.

नाव बदलण्याच्या रात्रीच सर्व्हरची आवृत्तीही बदलण्याचा मोह टाळावा. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड तपासण्याची पद्धत मुळातच स्क्रॅम नावाची असते, आणि १० च्या आधीच्या लायब्ररीवरच्या क्लायंटला ती कळत नाही. दोन्ही बदल एकत्र केले, तर नेमके कशाने तुटले हे शोधण्यात सकाळ उजाडते.

नवे नाव निवडताना त्यात संस्थेचे किंवा गावाचे नाव घालू नये. 'लेखा', 'वेतन', 'साठा' असे कामाचे नाव पुरते. ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत, जागा आणि हायफन न घालता लिहावे. लिनक्सवरील मायएसक्यूएल लहान-मोठ्या अक्षरांत भेद करतो. देवनागरी नाव चालते, पण युनिकोड न समजणारे जुने एएनएसआय ड्रायव्हर त्याचा विचका करतात, आणि पोस्टग्रेसच्या ६३ बाइटच्या मर्यादेत देवनागरीची जेमतेम २१ चिन्हे मावतात.

जुन्या नावाने येणाऱ्यांची नोंद शेवटपर्यंत चालू ठेवावी. एक ३१ मार्च आणि त्यानंतरचे ऑडिट पार पडून त्या नावाने महिनाभर कुणीच आले नाही, की आधी जुने नाव नुसते बंद करावे, व्ह्यू किंवा बाउन्सरची ओळ काढू नये. कुणाचा फोन आला तर ते मिनिटभरात परत चालू करता येते. पुढची तिमाही शांततेत गेली, की मग काढावे.

आपले,
डेटाबेस देखभालीचे काम करणारे काही वाचक,
कोथरूड, पुणे